वात नसलेला दिवा

रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा स्वयंपाकघरात एक केशरी ठिपका थरथरत असतो. आमचं इंदिरानगर निजलेलं असतं, हायवेवरच्या ट्रकांची घरघर तेवढी ऐकू येते. ओट्याच्या वरच्या स्विचबोर्डातला तो इंडिकेटर, बरीच वर्षं जुना. मधेच पेटतो, मधेच विझतो, पुन्हा मिणमिणतो. मी ट्यूब लावते आणि तो शांत तेवायला लागतो. ट्यूब मालवली की थोड्या वेळात पुन्हा थरथर. वीज तीच, तारा त्याच. बदललेला असतो तो फक्त खोलीतला उजेड. उजेडात तेवणारा आणि अंधारात अडखळणारा दिवा मी दुसरा पाहिलेला नाही.

चांगल्या कवितेत एखादा शब्द आपल्याला अडवतो आणि त्या एका शब्दासाठी आपण सगळी कविता पुन्हा वाचतो. या थरथरीने मला तसंच अडवलं. पुढे लिहिलं आहे ते त्या अडलेल्या जागेचा अर्थ लावण्यासाठी.

आधी त्याचं रूप पाहू. मेन स्विच बंद करून, बोर्ड उघडून, इंडिकेटरची लाल टोपी काढली की आत सापडते ती शेंगदाण्याएवढी काचेची कुपी. टोकाला काच वितळवून बंद केल्याची इवलीशी चोच. आत दोन काड्या, समांतर उभ्या, एकमेकींना कुठेही न शिवणाऱ्या. जुन्या पिवळ्या बल्बात दोन टोकांना जोडणारी तार असते. तीच तापते, तीच उजळते आणि एक दिवस तीच तुटते. इथे जोडणारं काहीच नाही. वात नाही, तार नाही. मधल्या मोकळ्या जागेत आहे तो थोडासा नियॉन वायू, आणि बहुतेक दिव्यांत त्यात मिसळलेला किंचित आरगॉन. नियॉनमध्ये अर्धा टक्का आरगॉन घातला की दिवा कमी व्होल्टेजला पेटतो, हे डच शास्त्रज्ञ फ्रान्स पेनिंग यांनी दाखवलं. आमटीत गुळाचा खडा पडावा तेवढंच ते प्रमाण. पण सगळी चव त्याने बदलते.

आता रंग. लोक त्याला लाल म्हणतात, पण टोपी काढून पाहिलं तर तो प्राजक्ताच्या देठाचा रंग आहे. नियॉनच्या प्रकाशाच्या मुख्य रेषा ५८५ ते ७०३ नॅनोमीटरच्या दरम्यान, म्हणजे पिवळ्यापासून गडद लालपर्यंत दाटीवाटीने बसलेल्या असतात. निळा त्यात जवळपास नाहीच. आमच्या जिल्ह्यात द्राक्षबागांच्या विहिरींवर मोटारीच्या स्टार्टरची पेटी असते आणि तिच्यावर तीन फेजचे तीन दिवे: लाल, पिवळा, निळा. रात्री लाइट आली की शेतकरी बॅटरी घेऊन मळ्यात जातो आणि बटण दाबण्याआधी तिन्ही दिवे बघतो. एक जरी विझलेला असला तरी मोटार नुसती गुरगुरेल आणि जळेल, हे त्याला ठाऊक असतं. त्यातल्या लाल टोपीखाली नियॉन शोभतो, पिवळ्याखालीही चालतो. निळी टोपी घातली तर त्याचा उजेड टोपीतच जिरून जातो. जे आपल्यापाशी नाही ते या दिव्याला दाखवताच येत नाही.

हा वायू आपल्या आसपासच असतो. हवेच्या दहा लाख भागांत नियॉनचे सुमारे १८ भाग. दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा धरली तर त्यात साधारण अर्धा लिटर नियॉन निघेल. तो शोधला विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी, लंडनमध्ये, १८९८ साली. हवा थंड करत करत द्रवरूप करायची आणि मग तिचे घटक एकेक करून उकळून वेगळे काढायचे, या पद्धतीने. नियॉन हे नाव ‘नवा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं. पुढे जमशेटजी टाटांच्या मनातली विज्ञानसंस्था कुठे उभारावी हे ठरवायला हेच रॅम्से भारतात येऊन गेले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. त्या संस्थेचे, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे, पहिले संचालक झाले ते ट्रॅव्हर्स. नियॉन पहिल्यांदा पाहणाऱ्या दोघांची पावलं आपल्या मातीवर उमटली आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पॅरिसमध्ये जॉर्ज क्लोद यांनी १९१० साली नियॉनच्या लांबलचक नळ्या उजळून दाखवल्या आणि त्यातून दुकानांच्या झगमगत्या पाट्या आल्या. आपला छोटा दिवा आला १९१७ साली, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल मॅकफार्लन मूर यांच्याकडून. थोरल्या भावंडाने बाजारपेठ उजळली. धाकट्याला खोलीसुद्धा उजळता येत नाही. त्याच्या उजेडात वर्तमानपत्राचा मथळाही वाचता येणार नाही. तरीही इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणाऱ्यांचं प्रेम धाकट्यावर अधिक आहे, आणि त्याचं कारण दोन आकड्यांत दडलेलं आहे.

माझ्याकडचा एक नियॉन साधारण ७५ व्होल्टला पेटतो. प्रत्येक दिव्याचा आकडा थोडा वेगळा असतो, पण माझ्याकडच्या याचा हा. ७० व्होल्ट दिले तर ढिम्म. ७५ झाले की एकदम पेटतो, हळूहळू उजळणं त्याला माहीत नाही. आता व्होल्टेज कमी करत आणलं तर तो ७५ला विझायला हवा. विझत नाही. ७० झाले, ६५ झाले, ६० झाले, तो तेवतोच आहे. ५५च्या खाली गेलं की मग एकदम विझतो. पेटायला ७५, टिकायला ५५. मधलं २० व्होल्टचं अंतर हा या दिव्याचा प्राण आहे. त्याचे कितीतरी उपयोग या अंतरातून निघालेले आहेत.

ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना हे अंतर समजावून सांगायला नको. पेटवताना फुंकणीने जीव काढून फुंकावं लागतं. एकदा लाकडानं पेट घेतला की ते आपल्याच आचेनं जळत राहतं. दिव्याच्या आतही हेच घडतं. वायूत कुठून तरी एखादा सुटा इलेक्ट्रॉन असावा लागतो. व्होल्टेज त्याला ओढतं, तो धावत सुटतो, नियॉनच्या अणूवर आदळून दुसरा इलेक्ट्रॉन सोडवतो. दोनाचे चार, चाराचे आठ. इलेक्ट्रॉन गमावलेले अणू उलट दिशेने ऋण काडीवर जाऊन आपटतात आणि तिच्यातून नवे इलेक्ट्रॉन उडवतात. हे चक्र स्वतःच्या बळावर फिरू लागलं की दिवा पेटला. मग त्याला फुंकणीची गरज उरत नाही. पण तो पहिला इलेक्ट्रॉन कुठून येतो, हे लक्षात ठेवू या. त्याच्याकडे परत यायचं आहे.

पेटलेल्या या आगीला आवर नसतो. सरळ मेन्सला जोडला तर प्रवाह वाढतच जाईल आणि दिवा क्षणात संपेल. म्हणून त्याच्यासोबत कायम एक रेझिस्टर असतो. आपल्या २३० व्होल्टला बहुधा २२० किलोओहमच्या आसपासचा. काही दिव्यांच्या पायालाच तो जोडलेला मिळतो. गाण्यात तंबोरा असतो तसा तो आहे. नाव कुणी घेत नाही, पण त्याच्यावाचून गाणं उभं राहत नाही. त्याच्या संगतीत दिव्यातून पाऊण मिलिॲम्पिअर प्रवाह जातो. वर्षभर रात्रंदिवस तेवत राहिला तरी वीज लागते ती दीड युनिटच्या आसपास. समईला वर्षभर अखंड तेल घालायचं म्हटलं तर काय होईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

रेझिस्टर बदलून प्रवाह हळूहळू वाढवत नेला तर या दिव्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट दिसते. प्रवाह अगदी कमी असतो तेव्हा काडीच्या एखाद्या टोकालाच केशरी साय धरलेली असते. प्रवाह वाढला की ती साय पसरत जाते आणि सगळी काडी झाकून टाकते. काडी पूर्ण झाकेपर्यंत दिव्यावरचं व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं. वाढलेलं सगळं तो विस्तारात सामावून घेतो, आपली पातळी ढळू देत नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत व्होल्टेज स्थिर ठेवायला याच गुणाच्या नळ्या वापरत.

एका सुट्टीत समोरच्या फ्लॅटमधला आठवीतला मुलगा माझ्या टेबलाशी येऊन बसला. आम्ही ९ व्होल्टच्या १२ चौकोनी बॅटऱ्या एकीचं बटण दुसरीत अडकवत साखळीसारख्या जोडल्या. झाले १०८ व्होल्ट. हे खेळण्यातले व्होल्ट नव्हेत, उघड्या टोकांना बोट लावायचं नाही, हे मी त्याला आधी दोनदा सांगितलं. रेझिस्टर आणि नियॉन जोडला. दिवा पेटला, पण एकच काडी उजळली.

“काकू, याची एक बाजू गेलीय.”

“साखळी उलटी करून बघ.”

त्याने टोकांची अदलाबदल केली. आता दुसरी काडी उजळली, पहिली काळी. तो बराच वेळ उलटसुलट करत बसला. मग म्हणाला, “म्हणजे बोर्डातल्या दिव्यात दोन्ही पेटतात, ते खोटं?”

फार नेमका प्रश्न होता. उजळते ती नेहमी ऋण काडी. घरातल्या विजेची दिशा सेकंदाला ५० वेळा जाऊन परत येते, म्हणून दोन्ही काड्या आळीपाळीने पेटतात, प्रत्येकी ५० वेळा. आपल्या डोळ्यांना तो वेग पकडता येत नाही आणि दोन्ही एकत्र तेवताना दिसतात. अंधारात इंडिकेटरसमोर हातातला छोटा आरसा जोरात हलवला तर त्यात अखंड केशरी रेघ दिसत नाही, तुटक तुटक रेघा दिसतात. आम्ही आरसा हलवून ते पाहिलं.

त्या तुटक रेघांमधल्या काळ्या जागाही वाचण्यासारख्या आहेत. २३० व्होल्टची वीज प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात शून्यापासून ३२५ व्होल्टपर्यंत चढते आणि उतरते. त्याला १० मिलिसेकंद लागतात. चढताना ७५ व्होल्ट गाठेपर्यंत दिवा गप्प असतो. उतरताना ५५ होईपर्यंत तो टिकून राहतो. म्हणजे उगवायला उशीर करतो आणि मावळतानाही थोडा रेंगाळतो. गणित केलं तर प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास अंधार उरतो. हा त्याच्या ओळीतला यती आहे. ओट्यावर कांदा चिरताना आपल्याला तो दिसत नाही, पण सेकंदाला शंभरदा तो तिथे असतो.

यानंतर आम्ही लय ऐकायला बसलो. १०८ व्होल्टची तीच साखळी, आता ४.७ मेगाओहमचा रेझिस्टर, आणि नियॉनच्या दोन पायांमध्ये ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तीनच वस्तू. कपॅसिटर म्हणजे नळाखालचा हंडा समजा आणि मोठा रेझिस्टर म्हणजे बारीक धार. हंडा भरत जातो. ७५ची खूण आली की दिवा लखकन पेटतो आणि हंड्यातलं पाणी भसकन पिऊन टाकतो. पातळी ५५च्या खाली जाते, धार इतकी बारीक असते की दिवा टिकू शकत नाही, तो विझतो. हंडा पुन्हा भरू लागतो. वरचे आकडे घेतले तर साधारण सेकंदाला एक लुकलुक होते. मोठा कपॅसिटर घातला की विलंबित, लहान घातला की द्रुत. आणखी लहान करत गेलं की लुकलुक डोळ्यांपुरती संपते आणि तीच इअरफोनमध्ये सूर म्हणून ऐकू येते.

हे सर्किट पिअरसन आणि ॲन्सन या दोघांच्या नावाने ओळखलं जातं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी त्याचं वर्णन केलं. ट्रान्झिस्टर जन्मायला तेव्हा पाव शतकाहून अधिक काळ होता. व्होल्टेज सावकाश चढायचं आणि झटक्यात पडायचं, ही करवतीच्या दातांसारखी लाट यातून फुकट मिळाली. पेटणं आणि विझणं एकाच आकड्याला होत असतं, तर हे घडलं नसतं. हंडा त्या आकड्याला येऊन थबकला असता. लय जन्मली ती दोन आकड्यांमध्ये जागा होती म्हणून.

अशी पाचसहा जोडकामं एकाच साखळीवर चढवली, प्रत्येकाचा रेझिस्टर थोडा वेगळा ठेवला, तर दिवे आपापल्या चालीने लुकलुकतात. कधी दोघं जुळतात, कधी दुरावतात. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या रानात झाडावर काजवे लागलेले असतात, तसं ते दिसतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे पार्ट घेणाऱ्या कितीतरी मुलांनी आयुष्यातलं पहिलं सर्किट जोडलं असेल ते अशा एखाद्या लुकलुकीचं. त्याला काही ‘करून दाखवायचं’ नसतं. नुसतं बघत राहावं, एवढंच.

त्याच अंतरातून स्मरणही निघतं. दिव्याला ६५ व्होल्ट देऊन ठेवा. विझलेला असेल तर विझलेलाच राहील, कारण ७५ नाहीत. पेटलेला असेल तर पेटलेलाच राहील, कारण ५५ला तो अजून पोचलेला नाही. पुरवठा एकच, पण दिवा कोणत्या स्थितीत आहे हे मघाशी काय घडलं त्यावर ठरतं. एक छोटासा धक्का देऊन त्याला पेटवलं की ते तो लक्षात ठेवतो. १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी याच गुणावर प्लाझ्मा पडदा घडवला. काचेत शेजारी शेजारी असंख्य बारीक कप्पे, प्रत्येकात वायू, आणि प्रत्येक कप्पा आपण पेटलो होतो की नाही हे स्वतःच लक्षात ठेवणारा. त्या सुरुवातीच्या पडद्यांवरची अक्षरं केशरी होती, आपल्या इंडिकेटरच्याच रंगाची. ऋण काड्यांना ० ते ९ अंकांचे आकार दिले तेव्हा निक्सी ट्यूब झाली. आज हौशी मंडळी जुन्या निक्सी शोधून त्यांची घड्याळं बनवतात.

एवढी घराणेदार वंशावळ असलेला हा दिवा आपल्याकडे सर्वांत जास्त कुठे राहतो? वायरमनच्या खिशात. टेस्टरच्या पारदर्शक मुठीत एक नियॉन, एक मोठा रेझिस्टर, एक स्प्रिंग आणि वर धातूची टोपी असते. टोक फेजला लावून टोपीवर बोट ठेवलं की दिवा उजळतो. सर्किट पूर्ण होतं ते आपल्या अंगातून. शरीर आणि जमीन यांच्यामधून काही मायक्रोॲम्पिअर एवढाच प्रवाह जातो, तो जाणवतसुद्धा नाही. पण नियॉनला तेवढा पुरतो. आमच्याकडे आलेल्या वायरमनने एकदा प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर घालून बघितला. दोन्हीकडे पेटला. त्याने दुसरं काहीही न तपासता सांगितलं, “न्यूट्रल गेलाय.” फेज चालू असलेल्या कुठल्या तरी उपकरणातून फिरून न्यूट्रलच्या तारेवर आली होती आणि परतीची वाट तुटली होती. एका ठिपक्याचं इतकं सुरेख वाचन मी क्वचितच पाहिलं आहे. त्यानेच दुसरी गोष्टही शिकवली: टेस्टर पेटला तर विश्वास ठेवा, पेटला नाही तर ठेवू नका. भर उन्हात तो पेटलेला दिसत नाही, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर मंद पेटतो. मेन बंद केल्याशिवाय तारेला हात नाही.

आता एलईडी सगळीकडे आहेत आणि ते योग्यच आहे. आमच्याजवळच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या पॅनेलवरही आता तेच अधिक दिसतात. ते ठसठशीत असतात, हवा तो रंग देतात. माझं प्रेम नियॉनवर आहे ते त्याच्या स्वभावामुळे. एलईडी सांगितलं तेवढं दाखवतो. नियॉन पेटायला वेगळं मोजतो, विझायला वेगळं. मधल्या काळाचं भान ठेवतो, आणि त्यातून लय धरतो.

आणि तो म्हातारा होतो. वर्षानुवर्षं आयनांचा मारा खाऊन काड्यांवरचा धातू कणाकणाने उडतो आणि काचेच्या आतून काजळीसारखा बसतो. काड्यांची इलेक्ट्रॉन सोडण्याची तयारी कमी होते. पेटण्याचा आकडा ७५वरून चढत जातो. मधलं अंतर रुंदावतं. तरुणपणी ज्या हाकेला तो लगेच ओ देत होता, तीच हाक आता त्याला जेमतेम पुरते.

इथे तो पहिला इलेक्ट्रॉन परत येतो. नव्या दिव्याला तो कुठूनही मिळतो. खिडकीतून आलेल्या उजेडाचे कण ऋण काडीवर पडतात आणि तिच्यातून एखादा इलेक्ट्रॉन सुटतो, तेवढी ठिणगी पुरते. मिट्ट काळोखात ही मदत थांबते. मग जमिनीतून आणि आकाशातून येणाऱ्या अतिसूक्ष्म किरणांपैकी एखादा आतून जाईपर्यंत वाट बघावी लागते. म्हणूनच अंधाऱ्या पेटीत बसवायच्या काही दिव्यांत पूर्वी किंचित किरणोत्सारी क्रिप्टॉन घालत, पहिला इलेक्ट्रॉन घरातच असावा म्हणून. माझ्या बोर्डातल्या म्हाताऱ्याला तशी सोय नाही. दर अर्ध्या फेऱ्यात त्याला नव्याने पेटायचं असतं आणि अंधारात ठिणगी कधी मिळते, कधी मिळत नाही. ती थरथर म्हणजे त्याचं वाट पाहणं.

आता हे कळल्यावर तो बदलायला हवा. नवा इंडिकेटर आणूनही ठेवला आहे. पण रात्री पाणी पिऊन झालं तरी मी लगेच ट्यूब मालवत नाही. ओट्याशी उभी राहून थोडा वेळ त्याला स्वस्थ तेवू देते.